पॅकिंग दोनदा गेलं, आता हेडचं काय करायचं?

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर, मीटरवर साडेचार हजार तास. औषध फवारणारा ब्लोअर जोडून बागेत फिरवला की तासाभरात काटा लाल पट्ट्यात जातो. वर्षभरात हेड पॅकिंग (इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड, ते आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) दोनदा बदललं, दुसऱ्या वेळी हेडला फेसिंगही मारलं, म्हणजे त्याचा खालचा पृष्ठभाग मशीनवर कापून सपाट केला. आता पुन्हा रेडिएटरचं पाणी कमी होतंय आणि सकाळी सुरू करताना पांढरा धूर येतो. गावातला मिस्त्री म्हणतो, पुन्हा फेसिंग मारू. शहरातला म्हणतो, हेडच बदला. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली आहे, तर काय करावं?

भाऊ, या दोघांपैकी कुणालाही अजून हो म्हणू नका. दोघांनीही हेड मोजलेलं नाही. तुम्ही लिहिलेल्या मजकुरात एकही माप नाही. हेड किती वाकलं होतं, फेसिंगमध्ये किती कापलं, लायनर (पिस्टन ज्यांच्यात वर-खाली होतो त्या नळ्या) ब्लॉकच्या वर किती उभे आहेत, व्हॉल्व्ह हेडच्या आत किती बसलेत, यातलं काहीच तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. हेडचं लोखंड एकदा कापलं की परत चढत नाही. म्हणून मशीनवर हेड जाण्याआधी सगळी मापं कागदावर यायला हवीत. नाशिकच्या अंबडला गेली सत्तावीस वर्षं मी डिझेलची हेडं उतरवतोय आणि चढवतोय, पण आजही हा क्रम मोडत नाही.

आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. तेच पॅकिंग तेवढ्याच काळात पुन्हा पुन्हा जातंय, तर दोष पॅकिंगचा नसतो. सिलिंडरचा व्यास १०० मिमी धरला आणि जळतानाचा दाब १०० बार धरला, तर हेडला वर ढकलणारा जोर जवळजवळ आठ टन होतो. ब्लोअर चालवताना इंजिन अठराशे फेऱ्यांवर असेल, तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला नऊशे वेळा हा धक्का देतो. बोल्टांची पकड, हेडचा सपाटपणा आणि लायनरची उंची या तिन्ही गोष्टी बरोबर असतील तर पॅकिंग हजारो तास टिकतं. यातली एक जरी हुकली तरी ते थोड्याच दिवसांत फुंकतं, मग पेटीवर कुठल्याही कंपनीचं नाव असो.

हेड उतरवण्याआधीच बरंच काही कळतं. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा, पाणी काठोकाठ भरा आणि सुरू करायला सांगा. थर्मोस्टॅट उघडायच्या आधीच, म्हणजे पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत, एकसारखे बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. सुरुवातीचे चार-दोन बुडबुडे अडकलेल्या हवेचे असू शकतात, त्यावरून निष्कर्ष काढू नका. इंजिन अजून कोमट असतानाच वरचा होज दगडासारखा ताठ होत असेल, तर तीही तीच खूण. चांगल्या गॅरेजमध्ये निळ्या द्रावणाची नळी असते. ती रेडिएटरच्या तोंडावर धरून आतली हवा त्यातून ओढायची. जळालेला वायू असेल तर निळा रंग बदलतो. शिवाय तेलाची पट्टी काढून पाहा. चहासारखं दुधाळ तेल दिसलं तर इंजिन पुन्हा सुरूच करू नका, कारण पाणी मिसळलेलं तेल बेअरिंगांना वंगण देत नाही आणि खर्च हेडवरून क्रँकवर जातो.

नोझलच्या (डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या) भोकातून कॉम्प्रेशनही, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते तेही, मोजून घ्या. धडधाकट डिझेल इंजिनात आकडा साधारण २५ ते ३० बार मिळतो. नेमका किती हवा ते तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात असतं. मला त्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलका वाटतो. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असले, तर त्यांच्या मधली पॅकिंगची पट्टी गेलेली असण्याची शक्यता मोठी.

आता उतरवणं. इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. गरम हेडचे बोल्ट सोडले की हेड तिथल्या तिथे वाकतं, हे मी डायल गेज लावून पाहिलेलं आहे. बोल्ट सोडताना टोकांकडून मध्याकडे यायचं आणि एकेक बोल्ट एकदम मोकळा न करता दोन-तीन फेऱ्यांत सोडायचा. पुश रॉड, व्हॉल्व्ह, स्प्रिंग जिथून निघाले तिथेच परत जायला हवेत. त्यासाठी पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यावर नंबर टाकायचे आणि त्यातच सगळं खोचायचं. आयटीआयतून नवीन आलेल्या मुलाला मी पहिला धडा या पुठ्ठ्याचाच देतो.

हेड निघालं की लगेच धुवायला घेऊ नका. पहिली पंधरा मिनिटं नुसती बघण्याची आहेत, कारण धुतलं की पुरावा गेला. तीन पिस्टन शेजारी शेजारी पाहा. दोन काजळीने काळे आणि एक वाफेने धुतल्यासारखा लख्ख असेल, तर पाणी त्या सिलिंडरमध्ये जात होतं. मग जुनं पॅकिंग उजेडात धरा. प्रत्येक सिलिंडरभोवती धातूची कडी असते, तिच्यावर दाबाचा ठसा सगळीकडे सारखा चकचकीत हवा. जिथे ठसा फिका आहे तिथे पकड नव्हती. कडीवरून पाण्याच्या भोकाकडे काळी रेघ गेली असेल तर गॅसने तिथून वाट काढली. तांबूस गंजाची रेघ उलट्या दिशेने आली असेल तर पाणी आत आलं. बोटाच्या टोकाने कडीवरून हळूच फिरवत गेलं की ती जागा नखाला लागते. तुमचं पहिलं आणि दुसरं पॅकिंग कुणी जपून ठेवलं असेल तर दोन्ही शेजारी ठेवून पाहा. दोन्ही एकाच जागी गेली असतील तर कारणही त्याच जागी बसलेलं आहे, हेडमध्ये किंवा त्याच्या बरोबर खाली ब्लॉकमध्ये.

बहुतेकजण हेडकडे बघतात आणि ब्लॉकला विसरतात. तुमच्या ट्रॅक्टरात ओले लायनर असतील, म्हणजे लायनरच्या बाहेरून थेट पाणी फिरत असेल, तर लायनरची कड ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा किंचित वर हवी. साधारण ०.०३ ते ०.१० मिमी, नेमकं पुस्तकातून घ्या. ही उंचीच पॅकिंगची कडी आवळून धरते. लायनर दाबून बसवून, डायल गेजने प्रत्येक लायनरवर चार ठिकाणी मोजायचं. एक लायनर शेजारच्यापेक्षा खाली गेला असेल, तर वर आरशासारखं सपाट हेड ठेवलं तरी तिथे गळणारच. माझा अंदाज विचाराल तर दोनदा पॅकिंग गेलेल्या तुमच्या इंजिनात मी पहिल्यांदा इथेच डायल लावेन. लायनर खाली गेला असेल तर त्याच्या कॉलरखालची बैठक खराब झालेली असते. ती साफ करून गरज असेल तर ताशीव शिम (पातळ धातूची चकती) टाकता येते. हे काम हेडच्या कुठल्याही फेसिंगने भरून निघत नाही.

आता हेड धुवा. लोखंडी हेड गरम कॉस्टिकच्या टाकीत चालतं. ॲल्युमिनियमचं हेड, जे पिकअप आणि कारच्या डिझेलमध्ये असतं, ते कॉस्टिकमध्ये कधीच टाकू नका. सोडा ॲल्युमिनियम खातो. पॅकिंगची चिकटलेली खपली पॉलिश पेपरच्या चकतीने काढण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. त्या चकतीतले खरखरीत कण तेलात उतरतात आणि बेअरिंग खातात, शिवाय पृष्ठभागावर खड्डे पडतात ते वेगळंच. पितळी पट्टीने हळूहळू खरवडा, वेळ लागला तरी चालेल.

कोअर प्लग (पाण्याच्या वाटांवरची गोल बुचं) काढून पाण्याच्या वाटांमध्ये टॉर्च मारा. आपल्याकडे बोअरचं पाणी जड आहे, आणि बागेत टाकीवर उभा ट्रॅक्टर त्याच टाकीतून भरला जातो. हेडच्या पाण्याच्या वाटांत, विशेषतः एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मागे, खडूसारखा पांढरा थर साचतो. हा क्षार लोखंडाच्या मानाने उष्णता कित्येक पटींनी कमी वाहून नेतो. बाहेर काटा मध्यावर दिसत असला तरी त्या कोपऱ्यातलं लोखंड भाजत असतं, आणि तडा तिथेच जातो.

तडा शोधणं हे या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि घाईत सर्वांत जास्त वेळा तेच राहून जातं. तडा बहुधा दोन जागी असतो: इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटांमधल्या (व्हॉल्व्ह ज्यांवर टेकतात त्या कडांमधल्या) अरुंद पुलावर, किंवा सीटपासून नोझलच्या भोकापर्यंत. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. लाल रंगाचा स्प्रे मारायचा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा, मग कोरड्या फडक्याने पूर्ण पुसायचा. पृष्ठभाग स्वच्छ दिसतो, लाल काहीच राहिलेलं नसतं. त्यावर पांढऱ्या पावडरचा स्प्रे हलका मारून थांबायचं. काही सेकंद काहीच होत नाही. मग पांढऱ्यावर केसासारखी एक लाल रेघ हळूहळू उमटते, कडेने थोडी पसरते, आणि तडा कुठून कुठे गेलाय ते दिसतं. गिऱ्हाईक शेजारी उभं असेल तर मी त्यांना ते बघायला बोलावतो. मग हेड का बदलायचं हे समजावत बसावं लागत नाही.

रंगाने वरचा तडा कळतो, आतला कळत नाही. त्यासाठी प्रेशर टेस्ट. पाण्याच्या सगळ्या वाटा रबर आणि पट्ट्यांनी बंद करायच्या, आत दोन-तीन बार हवा भरायची आणि हेड गरम पाण्याच्या हौदात बुडवायचं. पाणी ८० अंशांच्या आसपास हवं. थंड पाण्यात पास झालेलं हेड गरम पाण्यात बुडबुडे सोडताना मी अनेकदा पाहिलंय, कारण गरम झाल्यावर लोखंड फुगतं आणि मिटलेला तडा उघडतो. मशीन शॉपला देताना स्पष्ट विचारा, टेस्ट गरम पाण्यात करता का? अंबड आणि सातपूरला इंजिनाची कामं करणारी दुकानं खूप आहेत. जिथे गरम हौद आहे तिथेच हेड द्या. नोझलची तांब्याची किंवा पितळेची स्लीव्ह असेल तर तिच्याही कडेने बुडबुडे येतात का ते बघा. हेडला तडा नसताना नुसत्या स्लीव्हने पाणी सोडल्यामुळे भंगारात गेलेली चांगली हेडं मी पाहिली आहेत.

प्रत्येक तडा म्हणजे हेड बाद असंही नाही. सीटांमधल्या पुलावरची बारीक, पाण्यापर्यंत न पोहोचलेली रेघ काही कंपन्या ठरावीक लांबीपर्यंत चालवून घेतात, तसं त्यांच्या सर्व्हिस पुस्तकात दिलेलं असतं. पण रेघ सीटखालून नोझलच्या भोकात गेली असेल, किंवा हौदात बुडबुडे आले असतील, तर माझ्या मते ते हेड ट्रॅक्टरला पुन्हा लावू नये. लोखंडी हेडचं वेल्डिंग होतं, पण त्यासाठी अख्खं हेड काहीशे अंश तापवून वेल्ड करावं लागतं आणि मग ते भट्टीत सावकाश निववावं लागतं. नाक्यावर आर्क मारून दिलेली हेडं वेल्डच्या शेजारीच पुन्हा फाटतात. थंड टाचणीचं काम, म्हणजे तड्याच्या रेषेवर एकमेकांत अडकणारे थ्रेडचे खिळे ठोकणं, पाण्याच्या बाजूच्या भिंतीवर चांगलं टिकतं. ज्वलनाच्या बाजूवर मी ते करत नाही.

आता सपाटपणा. खात्रीची सरळ पट्टी हेडवर उभी धरायची, दोन लांब कडांना, आडवी दोन ठिकाणी आणि दोन्ही कर्णांवर. पट्टीखाली फिलर गेज जातं का ते पाहायचं. लांबीत ०.१० मिमी आणि रुंदीत ०.०५ मिमीच्या आत असेल तर बऱ्याच इंजिनांत ते चालतं. तुमचं पुस्तक वेगळं म्हणत असेल तर पुस्तक खरं. सपाट असेल तर फेसिंग करू नका. नुसतं चमकावं म्हणून फेसिंग मारणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे.

फेसिंगने काय बिघडतं याचा एक गैरसमज दूर करतो. पेट्रोल इंजिनात हेड कापलं की कॉम्प्रेशन वाढतं, म्हणून लोक डिझेललाही तेच लावतात. तुमच्या ट्रॅक्टरचं हेड खालून सपाट आहे आणि ज्वलनाची वाटी पिस्टनच्या डोक्यात आहे. तिथे कापल्याने कॉम्प्रेशनमध्ये फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो व्हॉल्व्ह आणि नोझलमध्ये. हेड अर्धा मिलिमीटर कापलं तर व्हॉल्व्ह पिस्टनच्या अर्धा मिलिमीटर जवळ आला आणि नोझलचं टोकही तेवढंच बाहेर आलं. नोझलचा फवारा वाटीत ठरलेल्या उंचीवर पडायला हवा. तो खाली सरकला की काळा धूर येतो आणि पिस्टन भाजतो. म्हणून फेसिंगनंतर नोझल किती बाहेर आहे ते मोजायचं आणि त्याखालचा तांब्याचा वॉशर योग्य जाडीचा टाकायचा. जुना वॉशर तर कधीच परत वापरायचा नाही.

हे मी स्वतः चुकून शिकलोय. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत पिंपळगावच्या टोमॅटोच्या गाडीचं हेड माझ्याकडे आलं होतं. माझ्या आधी दोनदा फेसिंग झालेलं आहे हे मी विचारलं नाही आणि हेडची जाडीही मोजली नाही. तिसऱ्यांदा कापून आणलं, चढवलं, सुरू केलं. टॅपेटसारखा टकटक आवाज आला. टॅपेट दोनदा लावले तरी आवाज तोच. पुन्हा उघडलं तेव्हा एका पिस्टनच्या डोक्यावर चंद्रकोरीच्या आकाराचा कोरा ठसा होता. व्हॉल्व्ह पिस्टनला शिवत होता. त्या मालकाची गाडी ऐन हंगामात आठ दिवस उभी राहिली, आणि नवीन हेडचा खर्च मी दिला. तेव्हापासून हेड आलं की आधी चार कोपऱ्यांवर व्हर्नियर लावून जाडी लिहितो, आणि कमीत कमी किती चालते ते पुस्तकातून बाजूला लिहितो. तुमच्या हेडला एकदा फेसिंग झालेलंच आहे. किती कापलं ते त्या दुकानाला विचारा. सांगता आलं नाही तर जाडीच बोलेल.

आता याची उलटी बाजू. सीट कापून कापून व्हॉल्व्ह आत बसत जातो. तो हेडच्या पृष्ठभागापासून किती खोल आहे हे डेप्थ गेजने प्रत्येक व्हॉल्व्हवर मोजायचं. समजा सिलिंडर १०० मिमीचा, स्ट्रोक ११० मिमीचा आणि कॉम्प्रेशन १८ ला १ आहे. पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा फक्त ५१ सीसीच्या आसपास असते. ४४ आणि ३८ मिमीचे दोन व्हॉल्व्ह ठरल्यापेक्षा एकेक मिलिमीटर जास्त आत गेले तर तिथे आणखी सुमारे २.६ सीसी जागा तयार होते, आणि १८ चं कॉम्प्रेशन १७.२ वर येतं. आकडा लहान दिसतो, पण निफाडकडे जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा पहाटे सेल्फ मारत बसणाऱ्याला तो जाणवतो. मर्यादेबाहेर गेलेल्या सीटला आणखी कटर लावू नका. नवीन सीट इन्सर्ट टाका.

व्हॉल्व्हच्या कामात क्रम चुकला की सगळं वाया जातं. आधी गाईड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी), मग सीट. कारण सीट कापण्याच्या कटरचा पायलट गाईडमध्येच बसतो. गाईड ढिला असेल तर कापलेली सीट वाकडीच होणार. व्हॉल्व्ह थोडा उघडून, डायल त्याच्या डोक्याला लावून बाजूला हलवा. पुस्तकातल्यापेक्षा जास्त हलला तर आधी नवीन स्टेमने मापून दोष कुणाचा ते ठरवा, मग गाईड बदला आणि रीमर फिरवा. सीटचा कोन ४५ अंश आहे की ३० हे बघून कटर घ्या. काही इंजिनांत इनलेट आणि एक्झॉस्टचे कोन वेगळे असतात. कापल्यावर सीटची पट्टी दीड-दोन मिलिमीटरच्या आसपास राहावी आणि व्हॉल्व्हच्या तोंडाच्या मध्यावर लागावी. निळा रंग लावून व्हॉल्व्ह पाव फेरा फिरवला की ठसा पूर्ण गोल उठला पाहिजे. एके ठिकाणी तुटला तर गॅस तिथूनच जाणार. व्हॉल्व्हची कड पातळ होऊन सुरीसारखी झाली असेल तर व्हॉल्व्ह बदला, ती कड तापून जळते.

लॅपिंग, म्हणजे पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं, हाताने करा. आधी जाड पेस्ट, मग बारीक, रबरी वाटीची दांडी दोन्ही तळव्यांत घुसळल्यासारखी फिरवायची आणि मधूनमधून व्हॉल्व्ह उचलून जागा बदलायची. पेस्टचा एक कणही मागे राहता कामा नये. मग व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग बसवून पोर्टमध्ये रॉकेल किंवा डिझेल ओता आणि दहा मिनिटं थांबा. व्हॉल्व्हच्या कडेला ओल आली तर पुन्हा. दुकानातून ‘केलं’ म्हणून आलेलं हेडही मी ही परीक्षा घेतल्याशिवाय चढवत नाही. स्प्रिंगांची लांबी आणि गुण्याला लावून सरळपणा पाहा, वाकडी किंवा आखूड झालेली टाकून द्या. स्टेम सील नवीनच टाका.

समजा तडा निघाला आणि नवीन हेड घ्यायचं ठरलं. माझा हिशेब असा की इन्सर्ट, गाईड, व्हॉल्व्ह, मजुरी मिळून दुरुस्ती नव्या हेडच्या निम्म्यापुढे जात असेल तर नवीन घ्यावं. पण नवीन हेडही तपासूनच लावायचं. व्हॉल्व्हची खोली, रॉकेलची परीक्षा, पाण्याच्या वाटेत ओतकामाची वाळू राहिली आहे का, हे सगळं बघायचं. पेटी फोडून थेट बोल्ट मारू नका.

चढवताना सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे ब्लॉकमधली बोल्टची भोकं. ती बऱ्याच इंजिनांत खाली बंद असतात. तळाशी तेल किंवा पाणी राहिलं आणि बोल्ट आवळला, तर त्या द्रवाला जायला जागा नसते आणि ब्लॉक फुटू शकतो. टॅप फिरवून, हवेने फुंकून भोकं कोरडी करा. टॉर्क रेंचने लावलेल्या जोरातला ढोबळमानाने दहावा हिस्साच बोल्ट ताणण्यात जातो, बाकीचा घासण्यात. थ्रेडमध्ये गंज असेल तर रेंच कट् करतो आणि बोल्ट अजून सैलच असतो. तुमचं पॅकिंग असंही गेलेलं असू शकतं. जुने बोल्ट शेजारी उभे करून लांबी पाहा, लांबलेला किंवा मध्ये बारीक झालेला टाकून द्या. जिथे शेवटचा टप्पा अंशात, म्हणजे कोनात आवळायचा असतो, तिथे बोल्ट नवीनच घ्या. थ्रेडला पुस्तकात सांगितलं असेल तेवढं तेलाचं बोट लावा. पॅकिंगला ग्रीस, शेलॅक, चंदेरी रंग काहीही लावू नका, ते कोरडं बसण्यासाठीच बनवलेलं असतं. मग मध्यापासून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत आवळा. कंपनीने पुन्हा आवळायला सांगितलं असेल तर इंजिन गरम करून, थंड करून आवळा आणि त्यानंतर टॅपेट पुन्हा लावा, कारण हेड खाली बसलं की टॅपेटचं अंतर बदलतं.

आता मूळ कारण, कारण हेड तापलं म्हणून बिघडलं आणि ते का तापलं याचं उत्तर तुमच्या बागेत आहे. ब्लोअर चालताना ट्रॅक्टर सावकाश चालतो, पुढून वारा मिळत नाही आणि इंजिनावर पूर्ण भार असतो. वर गंधकाची धुरळणी, पानांचा चुरा आणि औषधाचा ओला थर रेडिएटरच्या पात्यांत बसतो. त्यावर धूळ चिकटली की जाळी मातीने लिंपल्यासारखी होते. पुढून पाहिलं तर स्वच्छ दिसते, थर आत असतो. पंख्याच्या बाजूने पुढे असं, वाऱ्याच्या उलट्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. जोराच्या पंपाने पाती वाकतात आणि वाट कायमची बंद होते. आतून गाळ बसला असेल तर रेडिएटर उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या. वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) काढून तिची पाती गंजून झिजली नाहीत ना ते पाहा, पट्ट्याचा ताण पाहा. नोझल आणि पंपाचं टायमिंगही तपासून घ्या. टायमिंग पुढे गेलेलं इंजिन जास्त तापतं आणि हेडवर दाबही जास्त टाकतं. नोझलच्या कामासाठी नाशिककरांना लांब जावं लागत नाही. सातपूरला बॉशचा कारखाना नोझल आणि इंजेक्टरच बनवतो, आणि जुनी माणसं अजून त्याला मायकोच म्हणतात, तसं शहरात मायको सर्कलही आहे. त्यामुळे इथे नोझल हाताखालून गेलेले चांगले कारागीर भेटतात.

तुमच्या ट्रॅक्टरचा थर्मोस्टॅट काढून टाकलेला असण्याची मला दाट शंका आहे. ‘गाडी तापते, काढून टाक’ हा सल्ला सगळीकडे दिला जातो. ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद होते, तिथे तो काढला की बायपास कायम उघडा राहतो. पाण्याचा मोठा भाग रेडिएटरकडे न जाता परत इंजिनातच फिरतो आणि भाराखाली गाडी उलट जास्त तापते. नवीन थर्मोस्टॅट भांड्यात दोरीला टांगून पाणी तापवा, त्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडतो का ते पाहा आणि लावा. रेडिएटरचं झाकणही नवीन घ्या. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, इथे उघडं पाणी ९८ अंशांवरच उकळतं. ०.९ बारचं चांगलं झाकण तेच पाणी ११५ अंशांच्या पुढे नेतं. सैल झाकणाने ही सगळी राखीव जागा जाते. बोअरचं पाणी बंद करा, आरओचं पाणी आणि कूलंट पुस्तकातल्या प्रमाणात भरा.

आणि कितीही घाई असली तरी उकळलेल्या इंजिनावर किंवा रेडिएटरमध्ये थंड पाणी ओतू नका. बागेच्या कडेला नळी हाताशी असते, म्हणून हे हमखास होतं. काटा लाल पट्ट्यात गेला तर ब्लोअर सोडा, इंजिन दोन-चार मिनिटं हळू फेऱ्यांवर चालू ठेवा, मग बंद करा आणि निवू द्या. पाणीच पूर्ण गेलेलं असेल तर मात्र तिथल्या तिथे बंद करा.

वेळेचं म्हणाल तर छाटणीला पंधरा-वीस दिवस असतील तरच हेड आता उघडा, म्हणजे लायनर, शिम आणि सुटे भाग यांना वेळ मिळेल. तेवढे दिवस नसतील तर फवारणीसाठी दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने घ्या. छाटणीनंतर पाऊस लागून राहिला तर डावणीसाठी (पानांवरच्या बुरशीच्या रोगासाठी) रोज ब्लोअर लागतो, आणि अर्धवट हेडच्या भरवशावर तेव्हा राहता येत नाही. हेड चढवल्यावर पहिला दिवस बिनभाराने, दुसरा नुसत्या वाहतुकीला घ्या. तिसऱ्या दिवशी ब्लोअर लावा आणि दर अर्ध्या तासाने थांबून काटा पाहा. त्याच्या पुढच्या सकाळी इंजिन थंड असताना झाकण उघडा आणि पाणी काल भरलेल्या खुणेवरच आहे का ते बघा. पहिल्या ५० तासांत हे रोज करा, आणि प्रत्येक वेळी वहीत तास आणि पाण्याची पातळी लिहून ठेवा.